बारावा चिंचोका

आप्पा, आज सकाळी माझी मोटर एका विमानाला घेऊन वर गेली आणि धड खाली आली. तुम्हाला जाऊन एकोणीस वर्षं झाली, तरी धावपट्टीवरून परत येताना पहिल्यांदा मनात आलं ते हेच, की निपाणीला दुकानात जाऊन तुम्हाला सांगावं. दुकान आता नाही. जुन्या पी. बी. रोडवरच्या त्या गाळ्यात मोबाइलच्या फुटक्या काचा बदलून देतात. म्हणून लिहिते आहे. रोजची वही बाजूला ठेवून सुटे कागद घेतलेत, कारण वहीत मी स्वतःशी बोलते, आणि स्वतःशी बोलताना माणूस स्वतःला बरंच काही माफ करून टाकतं.

विमान म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांपुढे सांबऱ्याच्या विमानतळावर उतरणारं मोठं धूड येईल. हे तसलं नाही. दोन माणसं बसतील एवढंच, नळ्यांचं आणि ताणून बसवलेल्या कापडाचं. चौघांनी धरलं तर उचलून बाजूला ठेवता येतं. आधी त्याला पेट्रोलचं इंजिन होतं, ते काढून आम्ही विजेची मोटर बसवली. पन्नास घोड्यांची, आणि वजन पंधरा किलो. लेकराला घेतात तशी मी ती कमरेवर घेऊन जिना चढते. तुमच्याकडे पाच घोड्यांची मोटर टेम्पोतून उतरवायला दोन गडी लागायचे, हे आठवून मला दर वेळी हसू येतं. खरी अडचण बॅटरीची आहे. पेट्रोल जळतं तसं विमान हलकं होत जातं. बॅटरी रिकामी झाली तरी जेवढी जड वर नेली तेवढीच जड खाली आणावी लागते. म्हणून आमचं एकेका ग्रॅमशी भांडण चालतं. मोटर लहान करत जावं तशी ती तापायला बघते, आणि तापलेली मोटर काय करते ते मी तुम्हाला सांगायला नको. तुमच्याकडे यायच्या त्या मोटरी विहिरीवर जळलेल्या असायच्या. ही जळली तर माणूस वर असतो, एवढाच फरक.

तुमचं दुकान मला उन्हाळ्यातलं आठवतं. व्होल्टेज पडायचं, मोटरी जळायच्या आणि दारात रांग लागायची. शाळा सुटली की मी दप्तर तारेच्या रिळांमागे टाकून तुमच्याजवळ बसते आहे, आणि तुम्ही छिन्नीनं जळक्या कॉइलचा बाहेर आलेला एक कान कापता आहात. कापलेली टोकं मोजायची. जितकी टोकं, तितके वेढे. तेवढेच वेढे नव्या तारेचे भरायचे. तुम्ही काम बेळगावात एका कानडी मिस्त्रीच्या हाताखाली शिकलात, म्हणून तुमची मोजणी कानडीतच राहिली. ओंदु, एरडु, मूरु. गिऱ्हाइकं थट्टा करायची, "आप्पा, मोजणी कानडीत आन् शिव्या मराठीत, ह्ये कसं काय?" तुम्ही तार ताणत म्हणायचात, "शिवी चुकली म्हणून मोटर जळत न्हाय."

मोटरीचं झाकण लावण्याआधी तुम्ही त्याच्या आत एक चिठ्ठी चिकटवायचात. तारेचा नंबर, वेढे किती, आणि खाली 'मोजणी' असं लिहून तुमचं नाव. गावात दुसरं कुणी असलं करत नव्हतं. मी विचारलं होतं, आत कोण बघणार आहे? तुम्ही म्हणालात, "पुढं उघडंल त्यो बघंल. त्याला कुणाला तरी विचारता आलं पायजे, न्हवं?" मोटर परत आली, पुन्हा भरावी लागली, तर नवी चिठ्ठी जुनीच्या खाली लागायची. जुनीवर आडवी काट मारायची, पण ती फाडायची नाही. आज आमच्याकडे या सगळ्याला मोठमोठे फॉर्म आहेत, सहीला तीन रकाने आहेत. पहिल्यांदा तो फॉर्म हातात आला तेव्हा मला वाटलं होतं, हे तर मी दहाव्या वर्षी पाहिलं आहे.

तुमच्या हातची परत आलेली एकच मोटर मला आठवते. कोगनोळीच्या एका शेतकऱ्याची, उसाला पाणी द्यायची. तुम्ही लाकडी साच्यावर तार गुंडाळत होता, मी शेजारी बसून मोठ्यानं मोजत होते. ते माझं रोजचं काम होतं. आठ दिवसांत तो माणूस मोटर घेऊन परत दारात. "आप्पा, हात लावून देत न्हाय वो. तव्यागत तापतीया." तुम्ही ती उघडलीत, एकेका कॉइलचा कान कापत गेलात, आणि तिसऱ्या कॉइलला थांबलात. साठ हवे होते, तिथं पन्नास होते. आख्खे दहा वेढे गायब. तुम्ही चष्मा काढून पुसलात आणि म्हणालात, "मोजणी चुकली माझी. उद्या सांच्याला घिऊन जा." तो उलट वरमून म्हणाला, "असू द्या वो, माणूस हाय." दुसऱ्या दिवशी तुम्ही तुमची तपकिरीची पितळी डबी रिकामी करून माझ्या हातात दिलीत. आत सहा चिंचोके होते. "धा वेढं झालं की एक चिंचोका हिकडनं तिकडं ठेवायचा. तोंड मोजू दे न्हायतर गाऊ दे, चिंचोका खोटं बोलत न्हाय." एवढंच. तुमच्याकडून मला मिळालेली ही एकच वस्तू, जी कुठल्याही सणाला मिळाली नव्हती.

ती डबी आता बेळगावात, उद्यमबागेतल्या कारखान्यात माझ्या टेबलावर असते. अजून उघडली की तपकिरीनं नाक चुरचुरतं. या मोटरीच्या प्रत्येक कॉइलमध्ये बारा वेढे आहेत, म्हणून तुमच्या सहांत मी सहा चिंचोके घातले. डाव्या वाटीत बारा ठेवायचे, एक वेढा झाला की एक उजव्या वाटीत. डावी वाटी रिकामी झाली की कॉइल पूर्ण. आमच्याकडे वायंडिंगची यंत्रं आहेत, पण पहिली मोटर हातानंच भरावी लागते, आणि ती मी भरली. तोंडानं मी मोजत नाही. ते मी लहानपणीच सोडलं.

दीड महिन्यापूर्वी मोटर तयार झाली. वार्निश पक्कं झालं, चाचणीच्या टेबलावर चालवली, मीटरचे सगळे आकडे मर्यादेत आले. विमानावर चढवायच्या आदल्या दिवशी टेबलाखाली झाडताना केरसुणीत एक चिंचोका आला. काळा, गुळगुळीत; तुमच्या सहांतला. डबी उघडून मोजले तर अकरा. हा चिंचोका पडला कधी? शेवटची कॉइल भरून झाल्यावर पडला असेल तर काहीच बिघडलं नाही. पण त्याआधी कधी पडला असेल, तर तिथून पुढच्या प्रत्येक कॉइलला मी अकरा वेढ्यांवर थांबले असणार. मीटर मर्यादेत म्हणतो, पण एका वेढ्याचा फरक त्या मर्यादेत लपू शकतो. टेबलावर तो दिसणार नाही, वर चढताना पूर्ण जोर लावला की उष्णतेत दिसेल. कळायचा मार्ग एकच होता, तुमचा. सगळ्यात शेवटी भरलेली कॉइल कापायची आणि टोकं मोजायची. ती बरोबर निघाली तर आधीच्या सगळ्या बरोबर.

आमचे मालक चिकोडीकडचे, घर तंबाखूच्या व्यापारातलं, स्वभावानं सरळ माणूस. मी सांगितलं तेव्हा त्यांना आधी ती थट्टाच वाटली. मग ते म्हणाले, "बेडा, बेडा. नका कापू, मॅडम. मीटर बरोबर दाखवतंय न्हवं?"

"मीटर मर्यादेत आहे म्हणतोय. बरोबर आहे असं म्हणत नाही."

"एक चिंचोका घावला म्हणून तयार मोटर कापायची? बाहेर कुणाला सांगू नका, लोक आमाला वैदू म्हणतील."

विमान उडवणारे मेजर कॅम्पात राहतात, सैन्यातून निवृत्त झालेले. ते कोपऱ्यात चहा पीत होते. कप ठेवून म्हणाले, "मालक, मीटर तुमचा, मोटर तुमची. पण खुर्चीत मी बसणार आहे." मग माझ्याकडे वळून, "मॅडम, मला एवढंच सांगा, तुमची खात्री आहे का?"

मी म्हणाले, "कालपर्यंत होती."

"मग कापा."

मी कापली. वार्निश तापवून, खरवडून, कॉइलचा कान मोकळा केला आणि पकडीनं तोडला. एका वेढ्यात सात तारा एकत्र जातात. बारा वेढ्यांची चौऱ्याऐंशी टोकं व्हायला हवीत, अकराची सत्त्याहत्तर. सुईनं एकेक टोक बाजूला करत मोजलं. मालक माझ्या खांद्यावरून वाकून बघत होते, त्यांचा श्वास मानेला लागत होता. चौऱ्याऐंशी. पुन्हा मोजली. चौऱ्याऐंशी. चिंचोका काम संपल्यावरच पडला होता. मी चांगली कॉइल कापली होती.

"झालं समाधान?" असं म्हणून मालक निघून गेले. कॉइल काढून नवी भरायला, वार्निश वाळायला पाच दिवस गेले, आणि तेवढ्यात वारं फिरलं. वारा पडायची वाट बघत आम्ही महिनाभर घालवला. मालक माझ्याशी कामापुरतंच बोलत होते. मी रोज वहीत लिहीत होते, की हा काटेकोरपणा होता की दिखावा? मीटरवर विश्वास न ठेवणं हा अनुभव की अडाणीपणा? एक दिवस मालक गावाकडून आले आणि माझ्या टेबलावर कागदी पुडी ठेवली. आत शंभरएक चिंचोके. "घ्या. स्पेअर," म्हणाले आणि न हसता आत गेले. त्या दिवसापासून मी ते प्रश्न लिहायचं थांबवलं.

आज पहाटे वारा नव्हता. माळावरच्या धावपट्टीवर मेजर आत बसले, अंगठा वर केला. आप्पा, विजेच्या विमानाला इंजिनाचा आवाज नसतो. नुसता पंख्याचा आवाज, कुणी दूर सुपानं धान्य पाखडावं तसा. ते जमिनीवरून सुटलं ते मला दिसायच्या आधी कळलं, कारण चाकांचा खडखडाट एकदम बंद झाला. मग ते उसाच्या मळ्यांवरून वळलं, आणि खाली कुठल्यातरी वस्तीवरचं कुत्रं भुंकलेलंही आम्हाला ऐकू आलं. मालक दोन्ही हात डोक्यावर ठेवून उभे होते. चौदा मिनिटं. मी उंचीकडे बघत नव्हते, पडद्यावर मोटरीच्या तापमानाच्या एकाच आकड्याकडे बघत होते, आणि तो आकडा जिथं असायला हवा तिथंच राहिला.

उतरल्यावर पंखा थांबेपर्यंत वाट पाहिली. मग मी जवळ जाऊन तळहात उलटा करून मोटरीवर टेकवला. तुम्ही प्रत्येक मोटर गिऱ्हाइकाला देण्याआधी करायचात तसं; हाताची पाठ लावायची आणि दहापर्यंत मोजायचं, हात टिकला तर मोटर टिकली. आम्ही आत सहा ठिकाणी तापमान मोजणारे सेन्सर बसवलेत. तरी मी लावला. ओंदु, एरडु, मूरु. कितीतरी वर्षांनी तोंडानं मोजलं. मेजर खाली उतरले, हेल्मेट काढलं, त्यांनीही उलटा हात टेकवला आणि विचारलं, "हे कुणी शिकवलं?" मी म्हणाले, "आमच्या आप्पांनी. निपाणीत मोटरी भरायचे." हे मी पंचवीस वर्षांत अनेकांना सांगितलं आहे, इंजिनिअरिंग कॉलेजच्या पहिल्या दिवशी मात्र सांगायला लाजले होते. आज ज्या आवाजात सांगितलं, तो मला स्वतःलाच मोठा वाटला. मी दहाला पोचले तेव्हा हात तिथंच होता.

मग मेजरांनी विचारलं, "आणि चिंचोके?" मी म्हणाले, "तीही त्यांचीच पद्धत." का सुरू झाली ते सांगितलं नाही. घरी आल्यावर या मोटरीच्या झाकणात लावायची चिठ्ठी लिहिली. फॉर्ममध्ये तिला जागा नाही, तरी लावणार आहे. जुन्या कॉइलच्या ओळीवर काट मारली, खाली नवी ओळ, आणि 'मोजणी'पुढे माझं नाव. ते नाव लिहिताना हात अडखळला, म्हणून हे कागद घेऊन बसले. हे कुठं पाठवायचं नाही, तेव्हा सांगायला हरकत नाही.

कोगनोळीची ती मोटर भरत होतो, त्या दिवशी समोरच्या वखारीतून तंबाखूच्या कामाच्या बायका सुटल्या होत्या, हसत, एकमेकींना ढकलत चालल्या होत्या, आणि मी त्यांच्याकडे बघत राहिले. नलवत्तु झालं होतं की ऐवत्तु, चाळीस की पन्नास, ते मला आठवेना. तुम्ही साचा फिरवतच होता. थांबा म्हणायला मला लाज वाटली, म्हणून मी अंदाजानं पुढचं म्हणत गेले, आणि अरवत्तु, साठ, म्हणाले तेव्हा तुम्ही थांबलात. तुम्हाला कळलं असणार. नाहीतर मोटर परत आली त्याच्या दुसऱ्याच दिवशी चिंचोके आले नसते. तुम्ही कधी विचारलं नाही आणि मी कधी बोलले नाही. कोल्हापूरला जाताना गाडी कोगनोळीच्या नाक्यावर थांबते तेव्हा मी अजून दुसऱ्या बाजूच्या खिडकीतून बाहेर बघते. तिथं कुठल्यातरी मळ्यात, गंजलेल्या झाकणाच्या आत, काट मारलेली एक चिठ्ठी असेल, आणि तिच्यावर मोजणीपुढे तुमचं नाव आहे. ते माझं हवं होतं.