आइलर्स बाईंना "तू"

३ नोव्हेंबर
विबकेला दिलं! मला नाही, विबकेला! मयताच्या घरी विमा कंपनीतर्फे जाणारी सांत्वनाची पत्रं इतकी वर्षं मी लिहिली. आता ती मशीन लिहिणार, आणि मशीनला आपल्या ऑफिसची रीत शिकवणार कोण, तर कालपरवा आलेली पोरगी! ट्योन्येस साहेब म्हणाले, "लोरेंट्स बाई, तुम्ही फक्त नजर ठेवा." ठेवते ना! चांगलीच ठेवते.

५ नोव्हेंबर
नियम घातले तिने मशीनला. "दुर्दैवाने" लिहायचं नाही. पैसे कधी मिळतील ती तारीख द्यायची नाही. माणूस ज्या भाषेत लिहील त्याच भाषेत उत्तर. आणि सगळ्यांना "तुम्ही". अर्धे तर मीच सांगितले तिला, कॉफी पिता पिता! मीटिंगमध्ये मात्र "विबकेचे नियम".

१२ नोव्हेंबर
मशीनचं पत्र वाचून साहेबांचे डोळे पाणावले. माझ्या पत्रांनी त्यांना कधी साधी शिंकही आली नव्हती! नुसता जळफळाट होतोय. तिने आणलेला केक खाल्ला नाही. (खाल्ला. थोडासा.)

१८ नोव्हेंबर
सापडली चूक!! आउरिखकडच्या खेड्यातल्या आइलर्स बाई, नवरा गेलाय. त्यांनी तिकडच्या प्लाट बोलीत लिहिलं. मशीननेही नियमाप्रमाणे प्लाटमध्येच उत्तर दिलं — आणि त्या बोलीत गावात सगळेच एकमेकांना तू म्हणतात, म्हणून मशीनचंही "तू"! लिहिलेलं प्लाट कसंबसं कळतं मला. "तू आता एकटीच जेवत असशील." विधवेला! विमा कंपनी! पत्र गेलंसुद्धा. छापलं आणि थेट साहेबांच्या टेबलावर ठेवलं.

१९ नोव्हेंबर
विबकेचं काम काढून घेतलं. प्लाट बंद. काम माझ्याकडे! ती कॉफीच्या खोलीत रडत होती. "आधी मला सांगायचं होतंत ना," म्हणाली. वाईट वाटायला हवं होतं. नाही वाटलं.

२४ नोव्हेंबर
आइलर्स बाईंचा फोन. "ते पत्र ज्याने लिहिलं त्याला फोन दे गं जरा. हे गेल्यापासून मला तू म्हणणारं घरात कोणी उरलं नाही." विबकेचं नाव घ्यायला जीभच वळेना. म्हटलं, "मीच लिहिलं."
मग त्या भडाभडा बोलायला लागल्या, प्लाटमध्ये. मी हानोफरची, शहरी जर्मनवाली. ओ की ठो कळेना! म्हटलं, "तुम्ही जरा सावकाश बोलाल का?"
"माफ करा हं," म्हणाल्या. "ते तुम्ही नव्हतात."