माझ्या कॉम्प्युटरमध्ये कोण शिरतं?

३ नोव्हेंबर, सोमवार
आजपासून मी आयटी इन-चार्ज. शेठजींनी सगळ्यांसमोर जाहीर केलं. आमच्या जिनिंगची रुई कोइमतूरची एक सूतगिरणी घेते. तिने अट घातली आहे की ऑफिसातले सगळे कॉम्प्युटर जगात मान्य असलेल्या सुरक्षा नियमावलीप्रमाणे सेट करा, तपासून घ्या, नाहीतर पुढची ऑर्डर विसरा. महिनाअखेर नागपूरहून तपासणीला येणार. शेठजींनी विचारलं, कॉम्प्युटरचं कोणाले समजते? मी हात वर केला. गेल्या वर्षी प्रिंटरमध्ये अडकलेला कागद मीच काढला होता.
पास झालो की पुलगावच्या नव्या युनिटला मॅनेजर मीच. शेठजी तसं बोलले नाहीत, पण त्यांच्या बघण्यावरून कळलं.
नियमावली इंग्रजीत आहे आणि उशीएवढी जाड आहे. रोज थोडी वाचायची. संकल्प.

४ नोव्हेंबर
दोन पानं वाचली. मुद्दा समजला: कोणावरही विश्वास ठेवू नका. हे तर मी नोकरीला लागल्यापासून पाळतो आहे.
ऑफिसात कॉम्प्युटरवाले तिघं. रुपेश काट्यावर असतो, आलेला कापूस तोलतो. छाया अकाउंट बघते. मी शेतकऱ्यांची बिलं करतो. म्हणजे संशयित दोन.

५ नोव्हेंबर
पासवर्डचा नियम. लांब हवा, त्यात मोठं अक्षर, आकडा, चिन्ह, सगळं हवं. छायाने स्वतःची जन्मतारीख ठेवली होती. चारचौघांत सुनावलं. तोंड एवढंसं करून तिने लगेच बदलला.
माझा नवा पासवर्ड एकदम पक्का. इथेही लिहिणार नाही, बायको, लीला, ही डायरी वाचते असा मला संशय आहे. एवढंच लिहितो: दोन नावं, मधे चिन्ह, शेवटी चालू साल. आणि दोघंही मुके आहेत. कोणाला सांगणं शक्यच नाही.

६ नोव्हेंबर
गेटवर मुहूर्ताचा फ्लेक्स लागला. आता कापूस सगळा ट्रॅक्टरनेच येतो, पण हंगामाची पहिली गाडी म्हणजे बैलबंडीच, ही आमच्याकडची रीत. बैलांना हार, मालकाला शेला-नारळ. यंदाचा मान हिंगणीच्या तानबाजींचा. फ्लेक्सवरचा मजकूर मीच लिहून दिला. मानकऱ्याचं नाव, बैलजोडीची नावं, हंगामाचं साल, सगळं ठळक. बैलांच्या शेजारी मी उभा. फोटो झकास आला आहे. येणारे-जाणारे थांबून वाचतात.

८ नोव्हेंबर, सकाळी
संशय खरा ठरला!
काल पॅसेंजर पकडायच्या घाईत बरीच बिलं राहून गेली. (मी वर्ध्याहून इथे सिंदीला जाणं-येणं करतो. गाडीची वेळ रेल्वे ठरवते, मी नाही.) आज कॉम्प्युटर उघडला तर सगळी बिलं तयार. छापून, वाटूनसुद्धा झालेली. म्हणजे माझ्या नावाने कोणीतरी आत शिरलं होतं.
बिलं तपासली. एकही चूक नाही. चोर भलताच पोचलेला दिसतो. आधी विश्वास बसवायचा, मग हात मारायचा.
शेठजींना सांगितलं. ते म्हणाले, सापडू द्या, जो सापडन त्याले त्याच दिवशी घरी पाठवतो.

१० नोव्हेंबर
यूएसबीचा नियम. कोणी पेन ड्राइव्ह घालू नये म्हणून ती भोकं बंद ठेवायची. काट्याच्या कॉम्प्युटरपासून सुरुवात केली, कारण संशय रुपेशवर जास्त आहे. सगळी भोकं एम-सीलने बुजवली. त्यासाठी आधी त्यातल्या वायरी उपटाव्या लागल्या.
प्रिंटर बंद. माऊस बंद. ट्रॅक्टरची रांग पार रेल्वे फाटकापर्यंत. रुपेश म्हणाला, काऊन जी चंद्रभानजी, भिताडाचं भोक हाये का हे? आणि स्क्रूड्रायव्हरने सगळं खरवडून काढलं.
स्क्रूड्रायव्हर खिशात बाळगतो. लक्षात ठेवलं.

१२ नोव्हेंबर
सापळा. निघताना कीबोर्डवर कापसाचा छोटासा पुंजका ठेवला. जागचा हलला की समजायचं, चोर आला.

१३ नोव्हेंबर
कीबोर्डवर कापूस. टेबलावर कापूस. खुर्चीवर, टेबलफॅनवर, पाण्याच्या ग्लासात कापूस. आपण जिनिंगमध्ये नोकरीला आहोत हे आधी लक्षात घ्यायला हवं होतं.
बिलं पुन्हा तयार.

१७ नोव्हेंबर
नियम: कॉम्प्युटरला थोडा वेळ हात लागला नाही तर स्क्रीन आपोआप बंद व्हायला पाहिजे. पण जेवणानंतर मी खुर्चीत डोळे मिटून विचार करतो, तेव्हा माझाच स्क्रीन बंद होतो आणि परत ते सगळं टाइप करा. माझ्या मशीनवरून हा नियम काढून टाकला. इन-चार्जला सूट असते. पुढच्या पानांत कुठेतरी असेलच.

१९ नोव्हेंबर
आडून आडून चौकशी केली. छायाला म्हटलं, माझ्या कॉम्प्युटरवर कोण बसतं? ती म्हणाली, तुमचा पासवर्ड तं आख्ख्या सिंदीले... आणि हसत सुटली. तेवढ्यात फोन वाजला. वाचली.
रुपेशला विचारलं, संध्याकाळी काय करतोस? म्हणाला, लोकायले लय थांबा लागते जी संध्याकाळी. सरळ विषय बदलला!
शेठजींच्या कानावर घातलं, रुपेशच आहे, तपासणीत पुरावा मिळेल. छाया म्हणते त्याच्या बायकोचे दिवस भरत आलेत, आता नोकरी गेली तर कसं होईल. वाईट वाटलं. पण नियमावलीत बायकोचा उल्लेख नाही.

२६ नोव्हेंबर, सकाळी
तपासणीला नागपूरच्या सुरभी मॅडम आल्या. वयाने लहान. आत यायच्या आधी गेटवर थांबल्या, फ्लेक्स वरपासून खालपर्यंत वाचला आणि मोबाइलवर फोटो काढला. मी छानच आलो आहे त्यात. तरी अनोळखी माणसाचा फोटो कशाला काढायचा? लक्ष ठेवलं.

२६ नोव्हेंबर, घरी
लिहायला नको वाटतं. तरी लिहितो.
छायाचा कॉम्प्युटर पास. काट्याचा पास. माझ्या कॉम्प्युटरवर त्यांनी तपासणीचा प्रोग्राम चालवला तर स्क्रीन वरून खाली लाल. मी म्हटलं, मॅडम, पासवर्ड तरी बघा, तो फोडून दाखवा. त्यांनी टाइप केलं. उघडला.
मी विचारलं, कसं काय? त्यांनी मोबाइल पुढे धरला. फ्लेक्स. हरण्या, बहाद्दर, २०२५. मधलं चिन्ह काय, सगळे तेच ठेवतात, म्हणाल्या.
मग मी शेवटचा पत्ता टाकला. कोण शिरतं ते काढा. त्यांनी काढलं. रोज मी गेल्यानंतर, काट्याच्या कॉम्प्युटरवरून, रुपेश. शेठजींनी त्याला बोलावलं. तो नाही म्हणाला नाही. हो जी, मीच करतो, म्हणाला. चंद्रभानजीची गाडी सुटून जाते, पण लोकायच्या गाड्या इथंच उभ्या राह्यतात. बिल नाई तं पैसे नाई, अन् हिंगणीचा रस्ता जंगलाचा. कवा जातीन ते घरी?
शेठजींनी घड्याळ बघितलं, मग माझ्याकडे.
सापडेल त्याला त्याच दिवशी घरी पाठवीन, असा शेठजींचा शब्द होता. शब्द त्यांनी पाळला. मला दुपारच्या गाडीने घरी पाठवलं.
लीलाने विचारलं, आज लवकर? म्हटलं, सुरक्षेचं काम आटोपलं.

२८ नोव्हेंबर, शुक्रवार
शेठजींनी परत बोलावलं. बिलं आता रुपेश करणार, स्वतःच्या नावाने, स्वतःच्या पासवर्डने. पगारही वाढवला म्हणे. माझा कॉम्प्युटर तिकडे गेला. फेरतपासणी झाली, कंपनी पास, ऑर्डर कायम. माझं टेबल आता पूर्ण सुरक्षित आहे. त्यावर काही नाहीच.
माझं काम: अंगणात उभं राहून नावं पुकारायची आणि बिल हातात द्यायचं, शेवटचा ट्रॅक्टर जाईपर्यंत. पॅसेंजर माझ्या डोळ्यांदेखत गेली. सगळ्यात शेवटी तानबाजी. बिल घेताना निरखून बघत म्हणाले, तुमी तं फ्लेक्सवाले! इथं संध्याकाळी पयल्यांदाच दिसून राह्यले.
लाज वाटली. खरंच वाटली.
रुपेशने मोटरसायकलवर सेलूपर्यंत सोडलं, तिथून बस मिळाली. थंडी मरणाची. त्याला काढा असं मी सांगितलं होतं, हे त्याला माहीत असेल का? माहीत असूनही सोडायला आला असेल, तर यात काहीतरी आहे. उतरताना म्हणाला, उद्या स्वेटर घालून येजा जी, उशीर होते.
लक्ष ठेवलं पाहिजे.
स्वेटर काढून ठेवला आहे.