पाय धुवायला दोघं लागतात

ग्लेनशॉ, स्कॉटलंड
रविवार, २ मार्च २०२५, दुपारी दोन वाजून दहा मिनिटं. ऍडम आजोबांचे मोजे दोरीवर वाळत घालून आत्ताच बसलो.

ती. श्यामला आत्या यांना,
सप्रेम सलाम, वि. वि.

तुमचं पत्र आणि चाळीस पौंड मिळाले. कोट घेतो, हिशेब नंतर कळवतो. तुम्हाला फोनवर नीट ऐकू येत नाही आणि इथे दरीत सिग्नल टिकत नाही, म्हणून पत्रच बरं. दहावीत राहिलेल्या माणसाने शुद्धलेखन तरी सांभाळावं, असं तुम्ही म्हणता, म्हणून दोनदा वाचून पाकीट बंद करतो.

तुम्ही विचारलंत की मी ज्यांची देखभाल करतो ते ऍडम आजोबा मेनोनाइट म्हणजे नेमके कोण. आपल्यासारखेच ख्रिस्ती. पण ते शस्त्र धरत नाहीत, कोर्टात जात नाहीत, आणि बाळांना बाप्तिस्मा देत नाहीत. माणूस मोठा होऊन स्वतः मागेल तेव्हाच देतात. महायुद्धानंतर त्यांचे वडील आणि आणखी पाच कुटुंबं इथे शेती करायला आली. मेंढ्यांच्या दगडी गोठ्याचं त्यांनी प्रार्थनाघर केलं. कोणाचं कोठार जळालं तर सगळे जाऊन नवं उभं करून द्यायचे, विमा कोणाचाच नव्हता. पुढे मुलं एडिनबराला, कॅनडाला गेली. पुरुषांच्या बाजूला टोप्यांसाठी भिंतभर खुंट्या आहेत. जानेवारीत झकेरिया आजोबा वारले, तेव्हापासून एकाच खुंटीवर टोपी असते. बायकांत ऍडम आजोबांची बहीण बथशेबा आजी आणि भाची नतालीताई, एवढ्याच. ही माणसं वाद्याशिवाय चार सुरांत गातात. झकेरियांचा सूर जिथे लागायचा तिथे आता तिघंही नकळत थांबतात आणि मग पुढे जातात.

आता मुद्द्याचं. वर्षातून दोनदा प्रभुभोजन होतं आणि त्यानंतर सभासद एकमेकांचे पाय धुतात. पुरुष पुरुषाचे, बाई बाईचे. ऍडम आजोबांना आता जोडीच नाही. मी म्हणालो की रोज सकाळी तुमचे पाय मीच धुतो, त्या दिवशीही धुईन. ते हसले. म्हणाले की धुऊन घेण्यात आपण दोन वर्षांत पदवी मिळवली आहे, आता एकदा कोणाचे तरी धुवायचे आहेत. त्यांचं हृदय थकलं आहे. पुढचं प्रभुभोजन पानगळीच्या दिवसांत, आणि तोवर ते राहतील असं डॉक्टरांना वाटत नाही. या वेळचं १३ एप्रिलला आहे.

त्यांच्या मंडळीचे पाळक तेच, त्यांच्या हातून मी बाप्तिस्मा घेतला तर जोडी होईल. त्यांनी मागितलेलं नाही. दोन वर्षं मी मागच्या बाकावर बसतो आहे, आणि मलाच पुढे बसावंसं वाटतं. पण तुमच्या होकाराशिवाय पाऊल उचलणार नाही.

लोभ आहे तेवढा ठेवावा, या पत्राने कमी करू नये.
आपला, अनिश


ग्लासगो
१२ मार्च २०२५

चि. अनिश यास,
अनेक आशीर्वाद.

कोट आधी घे. न्यूमोनिया झाला तर तुला बघायला यायला मला तीन बस बदलाव्या लागतील.

दुसऱ्या गोष्टीला माझा नकार आहे. तुला बाप्तिस्मा तुझ्या आजोबांनी दिला. राहुरीजवळच्या त्या पत्र्याच्या देवळात तुला मीच हातांत धरलं होतं. तू असा रडलास की बाबांना प्रार्थना दोनदा म्हणावी लागली, आणि माझी एकुलती एक बरी साडी भिजली. आता पुन्हा पाणी घेणं म्हणजे बाबांच्या हातचं पाणी खोटं होतं असं म्हणणं. ते सांगायला बाबा नाहीत, म्हणून मी सांगते.

आणि पाय धुवायला दाखला लागतो होय? मी नर्स म्हणून चौतीस वर्षं वॉर्डात लोकांचे पाय धुतले. एकानेही माझा बाप्तिस्मा विचारला नाही. नियम तुझ्या म्हाताऱ्याचा आहे ना, मग त्यालाच वाकव म्हणावं. माझ्या बापाला कशाला वाकवता?

रागावू नकोस. जेवत जा. वांग्याचं लोणचं वेगळं पाठवते आहे.
तुझी आत्या


ग्लेनशॉ
रविवार, २३ मार्च २०२५, सकाळी सहा. चुलीत लाकडं घालून बसलो आहे, आजोबा अजून झोपले आहेत.

ती. आत्या यांना,
सप्रेम सलाम, वि. वि.

लोणचं पोचलं. बथशेबा आजींनी चव घेतली, डोळे पुसले, आणि पुन्हा बरणी पुढे केली.

तुमचं म्हणणं मी जसंच्या तसं सांगितलं. नतालीताईंना पटलं. त्या म्हणाल्या की आता आपण तिघंच, नियम कोणासाठी राखायचा? ऍडम आजोबांना पटलं नाही. ते म्हणाले की झकेरियाचा मुलगा बाप्तिस्मा न घेता राहिला. झकेरियाने त्याला, पोटच्या पोराला, या दिवशी वीस वर्षं मागच्या बाकावर बसवलं आणि वीस वर्षं घरी जाऊन जेवला नाही. आता स्वतःच्या सोयीसाठी नियम वाकवला तर झकेरियाला भेटल्यावर काय सांगू?

तुमच्या वडिलांच्या हातच्या पाण्याला ते खोटं म्हणत नाहीत, हेही त्यांनी कळवायला सांगितलं. ते पाणी देवाजवळ आहे, फक्त इथे मोजता येत नाही, असं त्यांचं म्हणणं. त्यानंतर तो विषय त्यांनी काढलेला नाही. पण काल मी दार उघडलं तेव्हा ते स्वयंपाकघरात पसरट भांड्यात थोडं पाणी घेऊन ते आपल्याला उचलतं का बघत होते. मला बघून म्हणाले की भांडी घासायची होती.

काल कोट घेतला. एक मोज्यांची जोडीही घेतली, कारण माझे फाटले आहेत आणि समजा वेळ आलीच तर लाज वाटायला नको. हे तुम्हाला न विचारता केलं, म्हणून सांगतो.

पुन्हा एकदा विचारतो. यानंतर विचारणार नाही.
लोभ असेल तर उत्तर यावं, रागाचं असलं तरी चालेल.
अनिश


ग्लासगो
८ एप्रिल २०२५

चि. अनिश,
अनेक आशीर्वाद.

दोनदा लिहून फाडलं, म्हणून उशीर झाला.

तुझे आजोबा लहानपणी पाणी मागायला जात तेव्हा खाली बसून ओंजळ धरावी लागे. बाई वरून ओती, तांब्या ओठांना लागू देत नसे. पाळक झाल्यावरही कोणी पाणी पुढे केलं की त्यांची ओंजळ आपोआप जुळे. मी ते पाहिलेलं आहे. त्या माणसाच्या नातवाचे पाय धुवायला एक गोरा म्हातारा गुडघे टेकून बसणार असेल, तर मी कोण आडवी येणार? बाबांनी मला ओरडूनच गप्प केलं असतं.

घे बाप्तिस्मा. या वेळी रडू नकोस. हे शुक्रवारपर्यंत पोचेल, म्हणजे शनिवार हाताशी आहे. त्यांना माझा सलाम सांग, आणि सांग की तुला बोटांच्या बेचक्यांत गुदगुल्या होतात.

तुझी आत्या


ग्लेनशॉ
शुक्रवार, १८ एप्रिल २०२५, सकाळी अकरा. गुड फ्रायडे. प्रार्थनाघराची फरशी धुऊन झाली.

ती. आत्या यांना,
सप्रेम सलाम, वि. वि.

तुमचं पत्र शनिवारी आलं. ऍडम आजोबा त्याच्या दोन दिवस आधी, गुरुवारी पहाटे गेले होते. तुम्ही तिकिटाला किंवा टपालाला दोष देऊ नका. पत्र बुधवारी आलं असतं तरी त्या दिवशी त्यांना पेलाही उचलत नव्हता. बुधवारी संध्याकाळी त्यांनी टपाल आलं का विचारलं. मी नाही म्हणालो. ते म्हणाले की या दरीत टपाल नेहमीच रमतगमत येतं.

त्या गुरुवारी मी त्यांचे पाय धुतले. आमच्या कामात हातमोजे सक्तीचे आहेत. ते मी घातले नाहीत. पण एकट्याने धुतलेले त्यांच्याकडे मोजत नाहीत, हे मला माहीत आहे.

रविवारी प्रभुभोजन झालं नाही, भाकर मोडायला आजोबांमागे पाळकाची दीक्षा घेतलेलं कोणी उरलं नाही. मला बाप्तिस्मा द्यायलाही नाही. काल दफन झालं. दोघीच गायल्या. थांबायच्या जागा इतक्या झाल्या की नतालीताईंनी दुसऱ्या कडव्यावर पुस्तक मिटलं. बथशेबा आजींना त्या आपल्या घरी नेत आहेत. प्रार्थनाघर विकायचं ठरलं. घेणारा माणूस तिथे सुट्टीवर येणाऱ्यांसाठी खोल्या करणार आहे. त्याला खुंट्या फार आवडल्या, त्या काढू नका म्हणाला. माझी देखभालीची कंपनी येत्या मंगळवारपासून मला एडिनबराला पाठवते आहे, तिथे रोज सकाळी सहा जणांचं करायचं आहे.

तुमचा सलाम मी काल मातीजवळ सांगितला. गुदगुल्यांचंही सांगितलं.

लोभ तुमचा आहे, तो पुरे.
अनिश

चाळीस पौंडांचा हिशेब:
कोट, जुना पण धड: २४.००
बस, जाऊन येऊन: ५.६०
टपालाची तीन तिकिटं: २.५७
मोजे, एक जोडी: ६.५०
तुमचं देणं राहिलं: १.३३. ते भेटीत देतो.
मोज्यांचं लेबल काढलेलं नाही. पावती आहे आणि परत घ्यायची मुदत उद्या संपते. मी दुकानात जाणार नाही.