यांचं माणूस आलंय

आन्सान, कोरिया
७ एप्रिल २००९

ती. अपोलोनदादास धाकट्या रिम्माचा सा. न. वि. वि.

दादा, परवा माझी चांगलीच फजिती झाली. पाच एप्रिलला हान्सिक, म्हणजे ताश्कंदकडच्या आपल्या कोरियन गावासारखाच इथला अख्खा देश आईबापांच्या कबरींवर लोटणार, असं मी धरूनच चालले होते. पूर्वजांचा देश ना हा! उकडलेली कोंबडी, भाताच्या वड्या, व्होडका घेऊन निघाले, तर इथल्या कबरस्तानाच्या टेकडीवर चिटपाखरू नाही. कारखान्यातल्या बायका म्हणाल्या, हे आमच्या पणज्या करायच्या, आम्ही जातो शरदात. शेवटी एका बेवारस कबरीवरचं गवत उपटलं, तिलाच तीनदा वाकले आणि ढसाढसा रडले. आईचा घास परक्याला देऊन आले रे.

रागाव हवं तर, पण माया आटू देऊ नकोस.
तुझी रिम्मा

ताश्कंदजवळ, आपलं गाव
२ मे २००९

चि. रिम्मास अ. उ. आशीर्वाद.

फोनवर मला अर्धंच ऐकू येतं, त्यापेक्षा पत्र बरं. अगं वेडे, वर्षातून त्या एकाच दिवशी कबरीच्या मातीला हात लावायचा, आणि तो तू भलत्याच मातीला लावलास! खूप हसलो. मग रडूच आलं.

मी एकटाच गेलो होतो. गुडघा वाकेना, तेव्हा शेजारच्या मुकर्रमने धरून वाकवलं. ती मुसलमान, व्होडकाच्या वासाने नाकाला रुमाल लावून उभी. बाबा आठवले. पक्षाचे कट्टर, देवधर्म म्हणजे थोतांड म्हणायचे, पण हान्सिकला सगळ्यांआधी कबरस्तानाच्या फाटकाशी हजर. मी एकदा छेडलं, तर म्हणाले, देव नसला म्हणून काय झालं, गाव आहे ना!

ते गावच आता तिकडे तुझ्या कारखान्यांत गेलंय. दुपार कलली की पाक आजोबा उरलीसुरली व्होडका घेऊन फिरतात आणि ज्यांचं कुणी आलं नाही त्यांच्या कबरींवर ओततात. रिम्मा, आईबाबांवर ती पाळी नको. माझ्या छातीचा भरवसा नाही. पुढच्या हान्सिकला तू ये.

वाट बघणारा,
दादा

आन्सान
१० फेब्रुवारी २०१०

ती. दादास सा. न. वि. वि.

रजा नाकारली रे. तशीच निघाले तर काम जाईल, आणि माझ्या लेकाचं, गेनाचं, शिक्षणाचं शेवटचं वर्ष आहे. एवढं वर्ष तू निभावून ने. पुढच्या वर्षी येतेच, आईची शप्पथ.

तुझी अपराधी
रिम्मा

६ एप्रिल २०१०

रिम्माताईंना मुकर्रमचा सलाम.

दादा गेल्याचं मार्चमध्ये फोनवर सांगितलं, तेव्हा तुम्ही रडत होतात, म्हणून बाकीचं आता लिहिते. तुम्हाला निघता आलं नाही, याचं मनाला लावून घेऊ नका. दादांना ठाऊक होतं. तुमचं पत्र त्यांच्या उशाखाली होतं.

काल हान्सिक होता. दादांची माती पावसाने खचली होती, पण त्या दिवसाआधी हात लावायचा नाही म्हणून मी थांबले होते. काल भर घातली. कोंबडी मीच उकडली. व्होडका आमच्यात शिवतसुद्धा नाहीत, पण ओतली, तोंड फिरवून. आधी जमिनीच्या मालकाला, म्हणजे तुमच्या त्या भूमिदेवाला, मग आई, बाबा, दादा. तीन-तीनदा वाकले. चुकलंमाकलं असेल तर येऊन सुधारा.

दुपारी पाक आजोबा बाटली घेऊन आलेच. तुमच्या घरच्या कबरींच्या ओळीशी थांबले, डोळे पुसले आणि ओतायला वाकले. मी आडवी आले. म्हटलं, राहू द्या आजोबा, यांचं माणूस आलंय.

परकी मानू नका.
मुकर्रम