जावई पारखायला डोंगरावर

ती. अक्कास,

धाकट्याचा साष्टांग नमस्कार (मनातल्या मनात; सध्या माझं एकही अंग जमिनीला नीट टेकत नाही). तुझा रक्तदाब कसा आहे? गोळी घेतल्यावरच पुढचं वाच.

"डोंगरातून सायकली उडवणाऱ्या माणसाला आपली पोरगी द्यायची की नाही ते मी ठरवीन, तू फक्त एकदा त्याच्याबरोबर जा आणि त्याचे दोष हेरून कळव," असं तू बजावलं होतंस. तुझा शब्द आपल्या घरात कोणी मोडत नाही, म्हणून रविवारी शिलाईचं दुकान बंद ठेवून गेलो. कन्याही आली (तिला नको म्हटलं होतं, पण ती तुझ्यावर गेली आहे).

चढावर मी सायकल हातात धरून चाललो, त्याबद्दल सांगण्यासारखं काही नाही. माथ्यावर मात्र खाली नदी, पलीकडे एकामागे एक डोंगर आणि मधे एवढी मोकळी जागा पाहून मला भरूनच आलं, अक्का. इतकी वर्षं माझी नजर सुईच्या नाकापलीकडे गेलीच नव्हती. (पोराचा दोष: असं काही दिसलं की तो गप्प बसतो. होणाऱ्या सासऱ्याशी दोन शब्द बोलायला नकोत?)

मग उतार लागला. एकीकडे कडा, दुसरीकडे दरी आणि मधे माझ्या टेपएवढी रुंद वाट, तीही दगडांनी आणि झाडांच्या मुळांनी भरलेली. ब्रेक कसा दाबायचा हे पोराने नीट समजावलं होतं, मीही मान डोलावली होती. पण माझा जन्म गेला पायमशिनीवर. पाय थांबवायचे, उजव्या हाताने चाक धरायचं, की मशीन थांबते. पहिलं वळण दिसताच मी शांतपणे पाय थांबवले आणि उजवा हात पुढे केला. हाताला चाकाऐवजी काटेरी झुडूप लागलं, ते मी घट्ट धरलं. सायकल एकटीच पुढे गेली आणि, खोटं कशाला बोलू, माझ्यापेक्षा बरी गेली.

मी दरीच्या बाजूला डोळे मिटून लोंबकळत होतो. पोरगा धावत आला, वाटेवर पालथा पडला आणि त्याने माझं मनगट धरलं. "काका, घाबरू नका, मी धरलंय," म्हणाला. कन्या मात्र पोट धरून हसत होती. वर आल्यावर पाहिलं, तर मी लोंबकळत होतो तिथे पायांखाली वीतभरावर चांगली सपाट जमीन होती. पोराला ती आधीपासून दिसत होती, तरी त्याने पकड सैल केली नाही की चेहऱ्यावर काही दाखवलं नाही (हाही दोषच समज, माणूस आतल्या गाठीचा आहे). घरापर्यंत माझी आणि त्याची, दोन्ही सायकली त्यानेच ढकलल्या आणि माझ्या पावलाने चालला.

तर दोष हे असे. निर्णय तुझा, मी मधे एक अक्षर बोलणार नाही.

तुझा आज्ञाधारक,
धाकटा

ता. क. लोंबकळताना माझ्या तोंडून "वर काढ बाबा, पोरगी दिली," असं निघून गेलं. कन्येने ते ऐकलं. तेव्हापासून तो मला काका म्हणत नाही, बाबा म्हणतो. तरी तुझा होकार आदल्या शनिवारची तारीख घालून पाठव, म्हणजे घरात तुझाच शब्द पहिला राहील.

आणखी एक ता. क. नकारच द्यायचा असेल तर तोही कळव. फक्त त्याच्या लग्नाच्या कोटाचं कापड मी कालच कापलं आहे, आणि तसे रुंद खांदे आपल्या घरात दुसऱ्या कोणाचे नाहीत.