बाकाच्या मापाची गाडी

४ सप्टेंबर

ती. बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

बाकाच्या फळीच्या मापाची तुमची पट्टी सुखरूप पोचली. ती घेऊन आलेल्या तुमच्या जावयांबद्दल मात्र तसं म्हणवत नाही. माणसापेक्षा उंच लाकडी पट्टी हातात धरून कोणी आगगाडीत बसलं की लोक विचारणारच. मासे पकडायला निघालात का, असं तिघाचौघांनी विचारल्यावर यांनी वैतागून हो म्हणून टाकलं. मग शेजारचे एक आजोबा उतरेपर्यंत गळाला काय लावायचं ते यांना शिकवत होते. भूगोलाच्या मास्तरला नदीतला एकही मासा ओळखता येऊ नये, याचं त्यांना फार वाईट वाटलं म्हणे.

आता ठरलेल्या गोष्टीची आठवण. मागचं अंग लांब असलेली, सीट पाडली की आत सपाट जागा होणारी इस्टेट गाडी मी घ्यायची. तुमच्या कामाच्या बाकाची फळी तिच्यात मावली आणि मागचं दार लागलं, की तुम्ही आमच्याकडे कायमचं राहायला यायचं. हे तुम्ही आत्यासमोर कबूल केलंय, तेव्हा फिरवाफिरवी चालणार नाही.

गाडी मला तशीही हवीच आहे. माझे पेशंट गावोगाव पांगलेले. या छोट्या गाडीत व्यायामाचं घडीचं टेबल ठेवलं की वॉकर माझ्या मानेशी येतो. रोजचा पल्ला लांबचा, म्हणून डिझेल बरी. नव्या गाडीची ऐपत नाही, म्हणून वापरलेली. आम्हा दोघांना त्यातलं ओ की ठो कळत नाही. तुम्ही इतकी वर्षं कपाटं पोचवायला डिझेल व्हॅन चालवलीत, तेव्हा काय काय बघायचं ते सविस्तर कळवा. फोनच केला असता, पण करवतीच्या मशीननं तुमचे कान खाल्लेत, आणि ओरडून बोललं की मलाच भांडल्यासारखं वाटतं.

खरं सांगू बाबा, मला भीती वाटते. मी दिवसभर परक्यांच्या घरी जाऊन म्हाताऱ्या माणसांना धरून उभं करते, आणि तुम्ही कामाच्या खोलीत पडलात त्या दिवशी आत्या येईपर्यंत फरशीवर तसेच पडून होतात. थंडी सुरू व्हायच्या आत तुम्ही इथं असायला हवे आहात.

एक विचारायचं राहिलं. पट्टीच्या एका टोकाला पेन्सिलीनं ‘मी’ आणि दुसऱ्या टोकाला ‘ती’ असं का लिहिलंय?

लोभ आहेच, सल्ल्यासोबत थोडा आणखी पाठवावा.

तुमची,
भिंगरी

*

११ सप्टेंबर

चि. सौ. भिंगरीस,
अ. उ. आ.

जावईबापूंना सांग, गळाला कणकेची गोळी लावतात. एवढं तरी भूगोलात शिकवायला हवं.

गाडीचं नीट वाच. बघायला सकाळी जा आणि आधी बॉनेटवर हात ठेव. गरम लागलं तर समज, विकणाऱ्यानं तू यायच्या आत चालू करून ठेवली होती. म्हणजे थंड इंजिन कुरकुरत असणार. डिझेलची परीक्षा थंड असतानाच. चालू करताना कोणाला तरी मागे उभं कर. जरासा धूर येऊन थांबला तर चालेल. निळा येत राहिला तर ऑइल जळतंय, तिथून सरळ घरी ये. टायमिंग बेल्ट कधी बदलला ते तोंडी ऐकू नकोस, बिल माग. खाली वाकून गंज बघ. आणि फक्त बाजारहाटाला फिरलेली डिझेल घेऊ नकोस. लांब पळवली नाही तर तिचा धूर गाळणारी जाळी तुंबते. रंग कोणता घ्यायचा एवढंच जावयांना विचार, त्यांचा मान राहील.

पट्टीचं. टेपनं मोजू नकोस. टेप बघणारा दर वेळी थोडं वेगळं बघतो, पट्टी आहे तेवढीच राहते. सीट पाडून ती आत सरळ ठेवायची. पुढच्या दोन सीटांमधून वर सरकवायची नाही, ती तुझी लबाडी मी आत्ताच ओळखून आहे. पट्टी दोन बोटं रुंद असली तरी फळी चांगली दीड हात रुंद आहे, आणि पुढे मला बसायचंय. बाकाचे पाय सुटे होतात, फळी मात्र अखंड. ट्रकवाल्याचं नाव काढू नकोस. ते लोक सामान उतरवत नाहीत, टाकतात.

‘मी’ म्हणजे मी जिथं उभा राहतो ते टोक. दुसऱ्या टोकावर तुझी आई बसायची. बाक हलका, रंधा मारायला लागलं की पुढे सरकतो. लग्नानंतर ती पहिल्यांदा खोलीत आली तेव्हा मी तिला वजन म्हणून तिथं बसवलं, ती पुढे जन्मभर बसली. मी रंधा मारायचा, तिनं पेपर मोठ्यानं वाचायचा. मला काडीचं ऐकू यायचं नाही, पण तिनं मान वर केली की मी हूं म्हणायचो. ते टोक बसून बसून गुळगुळीत झालंय. आता तिथं वाळूची पिशवी ठेवतो. जुलैत पिशवी घसरली, बाक सरकला आणि मी पडलो, एवढंच झालं होतं. तू उगाच मोठं करतेस.

जिवाला जप, वेळेवर जेव, आणि आमच्यावरचा राग असाच गोड ठेव.

तुझा,
बाबा

*

२५ सप्टेंबर

ती. बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

तुमचं पत्र पर्समध्ये घेऊनच फिरते आहे. इथल्या गाड्यांच्या बाजारात माझं नाव पट्टीवाली बाई पडलंय. फाटकातून शिरले की पोरं ओरडतात आणि मालक कपाळाला हात लावतो.

पहिली गाडी राखाडी. बॉनेटला हात लावला तर चटका बसेल इतकं गरम. मालक म्हणाला उन्हानं तापलंय. आभाळ इतकं भरून आलेलं होतं की आम्ही दोघांनी फक्त वर बघितलं, आणि तोही बिचारा आमच्याबरोबर वर बघू लागला. आम्ही नमस्कार करून निघालो.

दुसरी मात्र बाबा, मला आवडली. हिरवी आहे. गायनाच्या एका बाई ती दर आठवड्याला दूरच्या गावी शिकवायला जायला वापरायच्या, आता त्यांनी फिरणं बंद केलंय. इंजिन थंडगार होतं, एका झटक्यात चालू झालं. हे मागे उभे होते. जरासा धूर आला आणि थांबला. बेल्टचं बिल बाईंनी स्वतःहून काढून दाखवलं. पेलवेल अशा किमतीत सोडायला तयार आहेत, कारण गाडी चांगल्या घरी जावी असं त्यांना वाटतं. जणू मुलगीच देतायत.

फक्त पट्टी आत सरकवली तर वीतभर बाहेर राहिली. तिरकी घालून बघितली, ‘ती’ पुढे करून बघितली, ‘मी’ पुढे करून बघितला. बाईंनी तर गाडीलाच जरा आत घे म्हणून सांगितलं. तुम्हाला काय वाटतं ते लगेच कळवा, बाईंना मी थांबायला सांगितलंय.

तुमची माया आहे तेवढी पुरते, पण या खेपेला थोडी दयाही दाखवावी.

तुमची,
भिंगरी

*

२ ऑक्टोबर

चि. सौ. भिंगरीस,
अ. उ. आ.

हिरवी गाडी नको. झाडाखाली उभी केलीस तर तुला सापडायची नाही. शिवाय इतकी चांगली गाडी कोणी विकतं का? कुठेतरी पाणी मुरत असणार. गाणाऱ्या बाईंनी गाताना इंजिनाचा आवाज कधी ऐकला असेल असं मला वाटत नाही. आणि पट्टी वीतभर बाहेर राहते म्हणतेस, मग विषयच संपला. घाई करू नकोस. थंडी दर वर्षी येते.

मी ठणठणीत आहे. खालच्या फुलवाल्याला एक स्टूल करून द्यायचंय, त्यामुळे मला सध्या अजिबात सवड नाही.

आठवण काढतेस ती पोचते. काढत राहा.

तुझा,
बाबा

*

६ ऑक्टोबर

चि. सौ. भिंगरीस,
आत्याचे अ. आ.

तुझ्या बाबांनी तुला लिहिलेलं पत्र पेटीत टाकायला माझ्याकडे दिलं. पाकीट बंद होतं, पण दादाचा चेहरा उघडा होता, म्हणून हे लिहितेय. त्याला कळू देऊ नकोस.

फुलवाल्याचं स्टूल कधीच झालं, त्यावर आता झेंडू बसलेत. दुसरं काम नाही. दादा रोज खाली जातो, स्वच्छ फरशी पुन्हा झाडतो, बाकाशी उभा राहतो आणि वर येतो. परवा रंधा हातात घेतला तर बाक पुन्हा सरकला. मी दारातच होते म्हणून दादाला धरलं. मग मी त्या टोकावर बसायला गेले, तर राहू दे म्हणाला.

आणखी एक. तुला अट घालायच्या आदल्या दिवशी यानं ती पट्टी फुलवाल्याच्या इस्टेट गाडीत घालून बघितली होती. वीतभर बाहेर राहिली. मग शीळ घालत जिना चढून वर आला. असल्या गाडीत फळी मावत नाही हे त्याला तेव्हाच ठाऊक होतं ग.

मी त्याला चांगलं फैलावर घेतलं. आधी हसण्यावारी नेलं. मग म्हणाला, की इथं मी सुतार आहे, तिकडे गेलो की नुसता कोणाचा तरी म्हातारा होईन. तू रागावू नकोस, पण काहीतरी सुचव. माझंही वय झालं. रोज दारात असेनच असं नाही.

मास्तरांना आशीर्वाद. तुझ्यावर जीव आहे, हे काय लिहायचं.

तुझी,
आत्या

*

१५ ऑक्टोबर

ती. बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

हिरवी गाडी मी घेतली. तुमचं न ऐकता घेतली, म्हणून आधी कान धरते. आमच्या ओळखीच्या मेकॅनिकबाईंनी खाली झोपून तासभर तपासली. क्लच पुढे कधीतरी बदलावा लागेल आणि मागचे टायर घासलेत, बाकी बिनघोर घ्या म्हणाल्या. पहिल्याच दिवशी घाटाच्या रस्त्यानं दोन गावं करून आले. टेबल मागे, वॉकर मागे, आणि माझी मान मोकळी.

पट्टी अजून वीतभर बाहेरच राहते. घरी आणताना मागचं दार दोरीनं बांधावं लागलं. तेव्हा अट तुमची आणि हरले मी. आता तुम्हाला या म्हणून छळणार नाही. महिन्यातून एकदा मीच येईन. मला वाईट वाटलं, खूप वाटलं, आणि ते लपवायचं नाही असं ठरवलंय. पण ओढून आणलेला बाप मला नकोय.

आता कामाचं. माझ्या पेशंटांच्या खुर्च्या फार बुटक्या आहेत. गुडघ्याचं ऑपरेशन झालेल्या माणसाला त्यातून उठताच येत नाही. मी उशांवर उशा रचते, त्या घसरतात. एका आजींना खुर्ची चार बोटं उंच हवी, एका निवृत्त ड्रायव्हरना नुसते हात रुंद हवेत, एकांच्या दारात उतरण हवी आहे. दुकानात हे मिळत नाही आणि इथं कोणी माणूस बघून खुर्ची करत नाही. आमची सायकलींची खोली आम्ही रिकामी केली आहे. उजेड डावीकडून येतो, तुम्हाला लागतो तसा. मला सुतार हवा आहे बाबा. तुम्हाला जमणार नसेल तर निदान कोणाला सांगावं ते कळवा, कारण माणसं खुर्चीत अडकून बसली आहेत.

तुम्ही जिथं असाल तिथून लोभ करा. मी तिथं येऊन घेऊन जाईन.

तुमची,
भिंगरी

*

२२ ऑक्टोबर

चि. सौ. भिंगरीस,
अ. उ. आ.

उशा रचतेस? शिकलीसवरलीस आणि माणसांना उशांवर बसवतेस? ताबडतोब थांबव. प्रत्येकाच्या गुडघ्याची उंची फरशीपासून पट्टीवर खूण करून घे. टेपनं नको. आजींची आधी.

तुला एक सांगायचंय. अट घातली तेव्हा फळी मावणार नाही हे मला माहीत होतं. फुलवाल्याच्या गाडीत बघून आलो होतो. तुझ्या हिरव्या गाडीत काहीच खोट नव्हती ग. तू पट्टी घेऊन बाजार पालथा घालत होतीस आणि मी इथं खुशीत होतो. मग तुझं हे पत्र आलं, त्यात तू रागावली असतीस तर बरं झालं असतं.

काल सकाळी खाली गेलो आणि फळी वीतभर कापली. आत्या किंचाळत आली, तिला वाटलं मला वेड लागलं. काप सरळ आला आहे. तुझ्या आईच्या बाजूला करवत लावली नाही. माझ्या टोकाचं कापलं. म्हातारपणी मीही वीतभर आखूड झालोच आहे, तेवढ्यात भागेल. तूही पट्टीचं ‘मी’ लिहिलेलं टोक वीतभर काप आणि दार लागतं का ते बघ. लागेल.

शनिवारी ये. सकाळी गाडी थंड असताना चालू कर, मागे जावयांना उभं कर. फळीखाली घालायला जुनी गोधडी आण. वाळूची पिशवी मी फुलवाल्याला देऊन टाकली आहे.

म्हणजे आता रंधा चालला की त्या टोकाला कोणीतरी बसावं लागेल. तुला कामावरून आल्यावर जमेल तेवढंच बस. पेपर वाचलास तर मोठ्यानं वाच. मला ऐकू येणार नाही, पण तू मान वर केलीस की मी हूं म्हणेन.

तुझा,
बाबा