आसरांच्या विहिरीचं पाणी

बार्शी, ता. ४ फेब्रुवारी १९९६

ती. दादास शकूचा सा. न. वि. वि.

पत्राला उशीर झाला, रागावू नकोस. भैरूमामांच्या हाती आईने पाठवलेला पाण्याचा कॅन डोहाळजेवणाच्या आदल्या दिवशीच पोचला. सातव्या महिन्यात माहेरच्या विहिरीचं पाणी प्यायचं, ही आपल्या घरची रीत सासूबाईंना नवीनच. त्या म्हणाल्या, उकळून घे. पण उकळलं की विहिरीतल्या आसरांचा, त्या जलदेवतांचा, आशीर्वाद जातो, असं आईने मामांकरवी बजावलं होतं. म्हणून मी तसंच रोज पेलाभर प्याले. काल संपलं. अजून एक कॅन पाठव.

मामा सांगत होते, आपल्या ज्वारीच्या रानात आता सेहेचाळीस खोल्या झाल्या आणि विहिरीवर रांग लागते. दादा, तू शेतकरी उरलास की चाळीचा पाटील झालास? आईच्या गुडघ्यांचं कळव.

माहेरची वाट बघणारी,
शकू

हडपसर, ता. ९ फेब्रुवारी १९९६

चि. सौ. शकूस अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र वाचलं आणि तसाच लिहायला बसलो. कॅनच्या तळाशी थेंब उरला असेल तर ओतून दे. दवाखान्यात जा, रक्त तपासून घे. आधी ते कर, मग पुढचं वाच.

खोल्यांमध्ये कावीळ आली आहे. आधी पोरं पडली, मग मोठी माणसं. डॉक्टरांनी विहिरीचं पाणी तपासायला नेलं, त्यात मैला निघाला. गरोदर बाईला ही कावीळ झाली तर जिवावर बेतते, असं त्यांनी मला दोनदा सांगितलं. तेव्हा मी नुसती मान डोलावली. तुला कॅन पाठवल्याचं आईने मला सांगितलंच नव्हतं.

दोष माझा आहे. पहिल्या आठ खोल्यांना संडासाचा एक शोषखड्डा पुरायचा. माणसं येत राहिली, मी खोल्या वाढवल्या, खड्डे वाढवले. शेवटच्या खड्ड्याला जागा उरली नाही, तेव्हा विहिरीपासून पंधरा पावलांवर मीच आखून दिला. आई म्हणते, आसरांच्या पाण्याला काय हुतंया, आणि अजून तेच पिते.

मला फार भीती वाटते. उलट टपाली कळव.

तुझा काळजीत पडलेला दादा,
संपत

बार्शी, ता. १४ फेब्रुवारी १९९६

ती. दादास सा. न. वि. वि.

रक्त तपासलं. अहवाल चांगला आहे, पण डॉक्टरीणबाई म्हणाल्या, ही कावीळ अंगात दीड-दोन महिने दडून राहते. मार्चअखेरपर्यंत काही सांगता येणार नाही. हे मला रोज सकाळी अंगणात उभं करून डोळे बघतात आणि मग आंघोळीला जातात. बाळ हललं की मला रडू येतं. टोपडं शिवायला घेतलं होतं, ते पुरं करावं की नाही कळेना, गुंडाळून ठेवलं.

तुझ्यावर रागावले आहे, लपवत नाही. बाळंतपणाला मी तिकडे येणार नाही, आईला तू समजाव. एक काम मात्र कर. तुझ्या खोल्यांत माझ्यासारख्या किती जणी आहेत, ते बघ. त्यांना कोण पत्र लिहिणार?

रागावले तरी तुझीच,
शकू

हडपसर, ता. १९ फेब्रुवारी १९९६

चि. सौ. शकूस अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र आलं त्याच दिवशी विहिरीवर पत्रे ठोकून कुलूप घातलं. दुसऱ्या दिवशी सकाळी दोनशे माणसं हंडे घेऊन दारात. नळाला पाणी तासभर, तोटी एक. कुणी शिव्या दिल्या, कुणी हात जोडले. आईनेही किल्ली मागितली, मी दिली नाही. टँकर सांगितला आहे, येईल तेव्हा खरा.

मग दारोदार फिरलो. भाड्याला दर महिन्याला याच दारांत उभा राहतो, पण कोण अवघडलेली आहे हे कधी पाहिलं नव्हतं. सात जणी निघाल्या. सहा जणींना बसवून सांगितलं. आधी त्यांना वाटलं, मी खोली रिकामी करून घ्यायला आलोय. सातवी हेमा, लातूरकडची, आठवा महिना. तिच्या दाराला कुलूप. शेजारणीने सांगितलं, परवा डोळे पिवळे झाले, काल नवऱ्याने रिक्षात घालून दवाखान्यात नेलं. आज सकाळी तो एकटाच आला आणि तिची हिरवी साडी घेऊन गेला, सवाष्ण गेली म्हणून.

शकू, मार्च संपेपर्यंत रोज एक कार्ड टाक. लिहायला काही नसलं तर नुसतं नाव लिही.

तुझा दादा